आवडते आणि आदरणीय

दिवाळी अंक हाती घेऊन फराळाला बसलेल्या वाचकापुढे शाळेतल्या निबंधाच्या वह्या मांडणे म्हणजे अनारशाच्या ताटात काढ्याचा पेला ठेवण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु मास्तरकी हा धंदाच असा आहे की, तो सुट्टीतही अंगाला चिकटून राहतो. शिवाय मला जे सांगावयाचे आहे ते त्या वह्यांतूनच माझ्यापुढे आले. ते दुसऱ्या दाराने आत आणले तर खोटे वाटेल.

मी एका रात्रशाळेत मराठी शिकवतो. दिवसभर कुणी गॅरेजात, कुणी किराणा दुकानात, कुणी चार घरची धुणीभांडी करून ही मुलेमुली संध्याकाळी वर्गात येतात. गेल्या सहामाहीत नववीच्या वर्गाला मी एक निबंध घातला : ‘मला भेटावीशी वाटणारी व्यक्ती’. ती व्यक्ती हयात असावी की दिवंगत चालेल, अशी कोणतीच अट घातली नव्हती. मनात मात्र आशा होती की, दहापाच मुले तरी शिवछत्रपती, टिळक, सावित्रीबाई यांच्याकडे वळतील.

तशी चार-सहा वळली. बाकीच्या वह्यांत क्रिकेटपटू होते, नटनट्या होत्या, गायक होते. आणि ज्यांची कीर्ती केवळ मोबाइलच्या पडद्यावर दोन-तीन मिनिटांपुरती असते, अशीही काही माणसे होती. शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत सांगितली तेव्हा सर्वांनी नेहमीचा सुस्कारा सोडला. ‘पिढी वाया गेली’ हे वाक्य कुणीतरी बोलले, आणि खरे सांगतो, मीही मान डोलावली.

पण सुस्कारे सोडून वह्या तपासल्या जात नाहीत. गुण द्यावे लागतात. आणि गुण देऊ लागलो तेव्हा माझी पंचाईत झाली.

माझ्या नावापुढे पदवी नाही. शालान्त परीक्षा ही माझी शेवटची परीक्षा; पुढचे शिक्षण वाचनालयाच्या कपाटांनी केले. त्यामुळे समीक्षेची परिभाषा मजजवळ नाही. परंतु दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या असल्यामुळे कागदावरचे माणूस केव्हा श्वास घेते आणि केव्हा घेत नाही, एवढे मला ओळखू येते. राष्ट्रपुरुषांवरचे ते चार-सहा निबंध श्वास घेत नव्हते. प्रत्येकाची सुरुवात ‘आदरणीय’ या शब्दाने झाली होती. प्रत्येक थोर पुरुष लहानपणापासूनच तल्लख बुद्धीचा, बाणेदार आणि निर्भीड होता. वरचे नाव खोडून दुसरे घातले असते तरी खालचे एक अक्षर बदलावे लागले नसते. हे सारे मार्गदर्शिकेतून उतरले होते, हे उघडच आहे. पण मार्गदर्शिका तरी कुणी लिहिल्या? आम्हीच.

उलट, एका मुलीने स्मृती मानधनावर लिहिले होते. ही सांगलीत वाढलेली मुलगी भारताच्या संघातून खेळते, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा ती त्या संघात होती. निबंधात ऱ्हस्व-दीर्घाची दाणादाण उडाली होती. पण त्या रात्री शेजारच्या घरी उभ्याने सामना कसा पाहिला, भांडी घासायची राहिली म्हणून बोलणी कशी खाल्ली, आणि आपल्याच बाजूची एक मुलगी तिथे आहे हे पाहून काय वाटले, हे तिने असे लिहिले होते की, मी तांबडी पेन्सिल खाली ठेवली.

दुसरा निबंध विराट कोहलीवर होता. लिहिणारा मुलगा सोळा वर्षांचा, दिवसा दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजात काम करणारा. वर्गात तो फारसा बोलत नाही. त्याने धावांचे विक्रम दिले नव्हते. त्याने एकच प्रसंग लिहिला होता. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीचा कर्नाटकाशी रणजी सामना चालू होता. अठरा वर्षांचा कोहली नाबाद होता. रात्री त्याचे वडील वारले. दुसऱ्या दिवशी तो मैदानावर आला, ९० धावांपर्यंत खेळला आणि मग अंत्यसंस्काराला गेला. एवढे लिहून मुलाने शेवटी एक वाक्य घातले होते : ‘माझे वडील आषाढात वारले तेव्हा मी पण तिसऱ्या दिवशी कामावर गेलो होतो, म्हणून मला त्यांना भेटून विचारायचे आहे की, त्यांना त्या दिवशी चेंडू दिसत होता का.’

वाचक हो, या वाक्याला किती गुण द्यावयाचे?

ती वही मिटल्यावर माझा सुस्कारा मला परत घ्यावा लागला. हा मुलगा प्रसिद्धीच्या झगमगाटाला भुललेला नाही. त्याला आपल्यासारखे कुणीतरी हवे होते, आणि ते जिथे सापडले तिथून त्याने उचलले. जिथे सापडले नाही तिथे त्याने नमस्कार केला आणि तो पुढे गेला. आमच्या मुलांच्या मनात ‘आवडते’ आणि ‘आदरणीय’ अशी दोन निराळी दालने झाली आहेत. एका दालनात ती राहतात. दुसऱ्यात जयंतीपुण्यतिथीला चपला बाहेर काढून जातात आणि लगेच बाहेर येतात. याचा दोष मुलांवर टाकणे सोपे आहे. परंतु दुसऱ्या दालनाची व्यवस्था मुलांकडे कधीच नव्हती. ती चरित्रकार, कादंबरीकार, नाटककार आणि मास्तर यांच्याकडे आहे.

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे म्हणणेही खरे नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी बालगंधर्वांनी रंगभूमीवर जशी साडी नेसावी, जशी नथ घालावी, तशी घरंदाज स्त्रिया नेसत आणि घालीत. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली, आणि तरीही त्यांनी प्रयोग केला, ही गोष्ट महाराष्ट्राने किती वर्षे सांगितली! माझ्या वर्गातल्या त्या मुलाने कोहलीविषयी लिहिले ते याहून निराळे काय आहे? १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला, आणि विष्णुपंत पागनीसांना लोक तुकोबा मानून नमस्कार करू लागले. नटाचे आणि खेळाडूचे वेड ही काही मोबाइलने आणलेली साथ नाही.

विशेष म्हणजे, त्या वेडाने राष्ट्रपुरुषांचे काही बिघडले नाही. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभा राहू लागला तेव्हा ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजले जाणारे बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्या रात्री एका रंगमंचावर उभे राहिले, आणि उत्पन्न टिळकांच्या फंडाला गेले. नाटक लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे तर ‘केसरी’तले, टिळकांचे सहकारी. त्या रात्रीच्या प्रेक्षकाला कुणी विचारले असते की, बाबा रे, तू गंधर्वांचा की लोकमान्यांचा, तर त्याला प्रश्नच कळला नसता. तो दोघांचाही होता. कारण टिळक हे त्याच्या दृष्टीने तसबिरीतले गृहस्थ नव्हते. त्यांचा खटला त्याने वर्तमानपत्रात वाचला होता, मंडालेहून ते सुटून आले तेव्हा त्याच्या घरी त्याची चर्चा झाली होती. टिळक त्याला आवडत होते. आदर त्या आवडीतच मिसळलेला होता.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही नट-खेळाडू आणि राष्ट्रपुरुष यांना एका तागडीत घालता. तसे नाही. फरक आहे, आणि तो मोठा आहे. खेळाडू आपल्याला पाहायला बोलावतो. आपण पाहिले, टाळ्या दिल्या, की आपले काम संपते. सावित्रीबाईंची गोष्ट ऐकून टाळ्या देणाऱ्याचे काम तिथे संपत नाही. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना त्या गेल्या. ती हकीकत नीट ऐकणाऱ्याला शेजारच्या आजाऱ्याकडे पाहावेच लागते. थोर माणूस आपल्यापाशी काहीतरी मागतो. म्हणूनच तो मुलांना जवळचा वाटला पाहिजे. कारण परक्याने मागितले तर आपण कोपऱ्यातून ‘पुढे जा’ म्हणतो.

मग आमच्या चरित्रवाङ्मयाने काय केले? बालवाचकांसाठी निघणाऱ्या पुस्तिका चाळून पाहा. त्यांत क्रियापदांपेक्षा विशेषणे जास्त आहेत. नायक चुकत नाही, नापास होत नाही, कुणाला भीत नाही. त्याला बायकामुले असलीच तर ती सनावळीत असतात. टिळकांचे सगळे बालपण आम्ही शेंगांच्या टरफलांत बसवले आहे. ती गोष्ट चांगली आहे. पण तेवढीच ऐकून दहावीपर्यंत आलेल्या मुलाला टिळक म्हणजे मास्तरांना उलट उत्तर देणारा एक मुलगा, याहून अधिक काही दिसत नाही.

यावर चित्रपटाने उपाय काढला आहे असे काहींना वाटते. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या ‘छावा’ कादंबरीवरून त्याच नावाचा हिंदी चित्रपट २०२५ साली आला, तेव्हा माझा सारा वर्ग तो पाहून आला. मुलांचे डोळे लाल झाले होते; काहींना त्या रात्री जेवण गेले नव्हते. संभाजीराजांसाठी सोळा वर्षांचे पोर रडते, ही गोष्ट मी क्षुल्लक मानत नाही. परंतु आठवड्याने मी विचारले, राजांविषयी काय आठवते? सर्वांना शेवटचा छळ आठवत होता, आणि काम करणाऱ्या नटाचे नाव आठवत होते. या राजाने संस्कृतात ‘बुधभूषण’ नावाचा ग्रंथ रचला, हे सांगितल्यावर वर्ग चकित झाला. एका मुलाने विचारले, ‘म्हणजे राजे लिहीत बसायचे?’ त्याच्या आवाजात जे नवल होते ते गर्जनेने जागे झालेले नव्हते. मला वाटते, राष्ट्रपुरुषाला नटासारखे झळाळते करून तो आवडता होत नाही. फार तर नट अधिक आवडता होतो. पडद्यावर काय किंवा पुस्तकात काय, त्याचे रोजचे जगणे दिसले पाहिजे.

हे आपल्या भाषेत जमलेच नाही असे मात्र नाही. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. गोखल्यांची त्याला प्रस्तावना आहे. न्यायमूर्ती रानड्यांवर पुष्कळांनी लिहिले, पण माझ्या मते त्यांना जिवंत ठेवले ते या पुस्तकाने. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा पुरुष पहिली पत्नी वारल्यावर, १८७३ साली, वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतो. त्या वेळी त्याचे वय एकतीस. हा त्याचा पराभव आहे, आणि तो झाकण्यासारखा नाही. पण तोच पुरुष त्या मुलीला लगेच अक्षरे गिरवायला बसवतो, आणि ती शिकते म्हणून घरातल्या बायका तिचा जो छळ करतात तोही त्या पुस्तकात येतो. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण उद्भवले. बोलावलेल्यांत रानडे होते तसे टिळकही होते, आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न दोघांपुढेही उभा राहिला. रानड्यांनी मित्रांची अडचण पाहून प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते रुचले नाही, आणि रुचले नाही हे त्यांनी लिहून ठेवले. नवऱ्याला देव मानणारी ही स्त्री त्याला देव करून दाखवीत नाही. पुस्तक मिटताना रानड्यांविषयीचा आपला आदर उणा झालेला नसतो, आणि वर हा माणूस आपल्या ओळखीचा झालेला असतो. चरित्र लिहावयास निघालेल्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी वाचावे, असे मला वाटते.

हे सांगण्याचा अधिकार मला थोडा कमीच आहे, कारण मीही त्याच पापाचा धनी आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी मुलांसाठी एक छोटेसे चरित्र लिहिले. सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारची चळवळ चालू होती. तिच्यात निरोप पोचवण्याचे काम करणारा आमच्या भागातला एक तरुण पुढे पकडला गेला, मारहाणीने खंगला आणि लवकरच वारला. त्याची धाकटी बहीण तेव्हा हयात होती, ऐंशीच्या पुढची. मी तिच्याकडे तीन वेळा गेलो. पहिल्यांदा निरोप घेऊन निघाला त्या रात्रीची हकीकत तिने सांगितली. त्याला भाकर गिळेना. हात कापत होते. कुत्रे भुंकते का ते पाहायला त्याने तिला दोनदा बाहेर पाठवले. शेवटी आईला म्हणाला, ‘आई, शिवेपत्तोर चल माझ्यासंगं.’ आई गेली, आणि शिवेवरून तो एकटा पुढे गेला.

हे सारे मी टिपून घेतले, आणि पुस्तकातून वगळले. हुतात्म्याचे हात कापतात हे मुलांना कसे सांगावयाचे? त्याऐवजी मी लिहिले, ‘भय हा शब्द त्याला ठाऊकच नव्हता.’ पुस्तिका छापून आली तेव्हा मी ती घेऊन आजींकडे गेलो आणि वाचून दाखवली. शेवटपर्यंत त्यांनी ऐकले. मग म्हणाल्या, ‘मास्तर, बुक ग्वाड झालंय. पर ह्यो कुनी दुसराच हाय. आमचा दादा भ्यायला हुता. भ्यायला हुता, तरी गेला.’

माझ्या लेखनावर आजवर जी टीका झाली, तीत याहून खरी टीका मला आढळली नाही. मी त्याचे भय काढून टाकले आणि त्याबरोबर त्याचे शौर्यही काढून टाकले. कारण न भिणाऱ्याने अंधारात जाण्यात विशेष ते काय? ती पुस्तिका शाळाशाळांतून गेली, आणि ती वाचून कुणा मुलाने मला एक प्रश्न विचारल्याचे आठवत नाही. नमस्कार करण्यापुरते त्यांना त्यात सगळे काही मिळाले होते.

त्या निबंधांच्या वह्या परत दिल्या त्या दिवशी मी वर्गात उरलेल्या तासाला टिळकांविषयी बोललो. टरफलांना हात लावला नाही. आई गेली तेव्हा टिळक दहा वर्षांचे होते, हे सांगितले. वडील गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, आणि साल होते १८७२, म्हणजे त्यांच्या मॅट्रिकचे साल. पुढे डेक्कन कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती किरकोळ आहे हे ध्यानात घेऊन त्यांनी पहिले वर्ष तालीम आणि पोहणे यांत घालवले आणि अभ्यास बुडवला, हेही सांगितले. वर्ग हसला. तो गॅरेजातला मुलगा हसला नाही. त्याने हात वर केला. पूर्वी तो कधी हात वर करीत नसे.

‘सर, वडील गेले त्या वर्षी ते परीक्षेला बसले?’

‘बसले.’

‘पास झाले?’

‘झाले.’

तो खाली बसला. तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘हे कुठल्या पुस्तकात आहे?’ शाळेच्या कपाटात न. चिं. केळकरांच्या टिळकचरित्राच्या तीन खंडांपैकी एक खंड आहे. नशिबाने तो पहिलाच. मी तो काढून दिला. त्याची जाडी पाहून तो गोंधळला आणि म्हणाला, ‘सगळं वाचायला लागेल का?’ मी म्हणालो, ‘नको. वडील गेले तेवढे आधी वाच.’ खंड त्याने पिशवीत घातला. त्याच्या मोबाइलच्या पाठीवर कोहलीचे चित्र आहे, ते अजून तसेच आहे. ते काढून टाक असे मी त्याला सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. १९२१ च्या त्या प्रेक्षकाला जसे दोघेही परवडत होते, तसे यालाही परवडतील.

माझ्या त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढावयाचे घाटते आहे. प्रकाशकांनी किरकोळ दुरुस्त्या असतील तर कळवा म्हणून लिहिले आहे. भयाचे ते वाक्य मी खोडले आहे. आणि न गिळलेली भाकर, कापणारे हात आणि शिवेपर्यंत आलेली आई ही परत आपापल्या जागी ठेवली आहेत. आजी आता नाहीत. त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवता आले असते तर बरे झाले असते.